एकावन्न टक्क्यांचा दाखला

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



कार्यवाहबाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितले होते की, मला भाषण येत नाही. मी हिशेब लिहिणारी बाई. जमा एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला, एवढेच मला कळते. पण त्या म्हणाल्या, "माहेरवाशिणीने नाही म्हणायचे नसते. अमेरिकेविषयी काहीतरी सांगा." आता अमेरिकेविषयी म्हटले की बर्फ, मोटारी आणि मोठमोठी दुकाने यांविषयी ऐकायला मिळेल अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज एका सरकारी दाखल्याविषयी बोलणार आहे. हे ऐकून मागच्या रांगेतल्या दोघीतिघी चहाचे आधण बघायला उठतील हे मला दिसतेच आहे. त्यांनी अवश्य जावे, पण साखर घालून परत यावे, कारण विषय वाटतो तितका परका नाही.

आपला सातारा जिल्हा शिपायांचा. इथे अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या लागत आला आहे. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. १९६५च्या लढाईनंतर काही वर्षांनी ते पेन्शनीवर घरी आले, आणि साठलेल्या पैशात त्यांनी गावी पिठाची गिरणी घातली. पलटणीतून आलेला माणूस गावात पुन्हा रुळायला फार दिवस लागतात. सकाळी चारला उठून तो तयार होतो, आणि पुढे दिवसभर काय करायचे हे त्याला ठाऊक नसते. गिरणी वडिलांची खरी, पण गिरणीवर बसायची माझी आई. दळण मापून घेणे, पट्टा चढवणे, उधारीच्या खुणा भिंतीवर कोळशाने करणे, हे तर तिचे होतेच. पुढेपुढे दगडांना टाकी लावायलाही ती शिकली. त्या गिरणीचे पुढे काय झाले ते मी शेवटी सांगेन. आधी अमेरिकेत जाऊ.

मी १९९६ साली लग्न होऊन तिकडे गेले. आम्ही व्हर्जिनिया राज्यात राहतो. राजधानी वॉशिंग्टन तिथून जवळ. त्यामुळे आमच्या भागात जिकडे पाहावे तिकडे सरकारी कचेऱ्या आणि त्या कचेऱ्यांची कामे घेणारे कंत्राटदार. कुणी कॉम्प्युटरचे काम करतो, कुणी रंग लावतो, कुणी गवत कापतो. मी एका हिशेबनिसाच्या कचेरीत नोकरी करते, त्यामुळे या छोट्या कंत्राटदारांची कागदपत्रे माझ्या हातांखालून जातात.

तिकडचे केंद्र सरकार हे फार मोठे गिऱ्हाईक. टाचणीपासून विमानापर्यंत सारे ते विकत घेते. त्या खरेदीतला काही वाटा लहान धंदेवाल्यांना मिळावा असे त्यांचे धोरण आहे, आणि त्या वाट्यात आणखी एक वाटा माजी सैनिकांचा. हे एका दिवसात झालेले नाही. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४४ साली, त्यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठी मोठा कायदा केला. त्याला 'जी. आय. बिल' म्हणतात. शिक्षणाचा खर्च, घरासाठी कर्ज ही त्यातली प्रसिद्ध कलमे. पण धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाला सरकारची हमी हेही एक कलम त्यात होते. कर्जाच्या निम्म्या रकमेला, जास्तीत जास्त दोन हजार डॉलरांपर्यंत, सरकार हमी राही. म्हणजे लढून आलेल्या माणसाला नोकरीच द्यावी असे नाही, त्याला दुकान काढायचे असेल तर तेही काढू द्यावे, हा विचार तिकडे जुना आहे.

पुढे १९९९ साली कायदा झाला की, नोकरीत असताना ज्यांच्या शरीराला किंवा मनाला इजा झाली अशा माजी सैनिकांच्या छोट्या धंद्यांना केंद्र सरकारच्या कंत्राटांपैकी निदान तीन टक्के रकमेची कामे मिळावीत. हे उद्दिष्ट होते, हक्क नव्हता, आणि उद्दिष्ट कागदावर लिहायला शाईशिवाय काही लागत नाही. २००३ साली दुसरा कायदा झाला, तेव्हा अशा धंद्यांपुरती कंत्राटे राखून ठेवण्याचा अधिकार खात्यांना मिळाला. २००६ साली तिसरा कायदा आला तो खास माजी सैनिकांच्या खात्यासाठी. या खात्याची स्वतःची पुष्कळ इस्पितळे आहेत. त्या खात्याने खरेदी करताना माजी सैनिकांच्या धंद्यांना पहिला मान द्यावा, असे त्यात म्हटले होते.

या तिसऱ्या कायद्यातल्या एका शब्दावरून मोठा वाद झाला, तो सांगते. असे दोन तरी माजी सैनिक वाजवी दरात काम करायला पुढे येतील अशी रास्त अपेक्षा असेल, तर ते काम खात्याने त्यांच्यासाठी राखून 'ठेवलेच पाहिजे', असे कायद्याचे शब्द. खात्याचे म्हणणे पडले की, आमचे वर्षाचे उद्दिष्ट पुरे झाले की पुढे ठेवायचे की नाही ते आमच्या मर्जीवर. मेरीलँड राज्यातल्या किंग्डमवेअर नावाच्या, एका माजी सैनिकाच्या कंपनीने हा वाद थेट सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. १६ जून २०१६ रोजी आठही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की, 'पाहिजे' म्हणजे पाहिजे. इंग्रजीतला तो शब्द आहे 'शॅल'. आपल्याकडे सुनेला 'जमल्यास ये' आणि 'आलेच पाहिजे' यांतला फरक कोर्टात जाऊन समजून घ्यावा लागत नाही. पण सरकारी खात्यांना लागतो.

आता दाखल्याकडे येते. वाटा राखून ठेवला की त्याच्यावर डोळा ठेवणारेही येतात. पुष्कळ वर्षे बहुतेक खात्यांत रीत अशी होती की, "मी जायबंदी माजी सैनिक असून हा धंदा माझा आहे," असे मालकाने स्वतःच लिहून दिले की झाले. माजी सैनिकांचे खाते तेवढे स्वतःच्या कंत्राटांपुरती तपासणी करीत असे. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नाही असे मोठे कंत्राटदार कुणातरी गरजू सैनिकाला गाठत, कागदावर त्याला मालक करीत, त्याच्या हातावर महिन्याचे काही पैसे ठेवीत, आणि धंदा स्वतः चालवीत. याला तिकडे बोलीभाषेत 'भाड्याचा सैनिक' असेच नाव पडले आहे. २००९ साली सरकारच्या हिशेबतपासणी खात्याने नमुन्यादाखल दहा कंपन्या तपासल्या. अपात्र असलेल्या या दहा कंपन्यांनी मिळून सुमारे दहा कोटी डॉलरांची राखीव कामे घेतली होती.

यात फसले कोण? सरकार फसलेच. पण मला वाटते, अधिक फसला तो नाव देणारा सैनिक. त्याचे नाव, त्याची जखम आणि त्याची पलटण या तिन्ही गोष्टी दुसऱ्याने वापरल्या. आणि खटला झाला तेव्हा सही त्याचीच निघाली.

म्हणून १ जानेवारी २०२३पासून हे काम माजी सैनिकांच्या खात्याकडून काढून छोट्या धंद्यांच्या सरकारी खात्याकडे दिले. पाठोपाठ, २०२३च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या कायद्याने उद्दिष्ट तीन टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर नेले. मालकाने स्वतःच लिहून देण्याची पद्धतही त्याच कायद्याने मोडीत काढली. आता दाखला हवा. दाखल्याला सरकार फी घेत नाही. (आमच्या भागात एका गृहस्थाने हा फुकटचा दाखला काढून देण्याचे चांगले पैसे मागितले होते. दाखला तिथे असो वा इथे, दाराशी उभा राहणारा माणूस सारखाच!) एकदा मिळाला की तीन वर्षे चालतो. जखमी नसलेल्या माजी सैनिकांसाठीही निराळा दाखला आहे, पण त्याचा उपयोग मुख्यतः माजी सैनिकांच्या खात्याच्या कंत्राटांपुरताच होतो.

दाखल्याच्या अटी वाचल्या तर त्यांत दोनच प्रश्न आहेत. धंदा कोणाच्या मालकीचा? आणि धंदा कोण चालवतो? मालकी निदान एकावन्न टक्के सैनिकाची हवी, आणि ती बिनशर्त हवी. चालवण्याबाबत तर फारच बारकाईने बघतात. कंपनीतले सर्वांत वरचे पद त्याचेच हवे. कामाच्या वेळात तो कामावर हवा. कचेरी एका गावी आणि मालक दूर दुसऱ्या गावी, असे असेल तर विचारणा होते. धंद्याला लागणारे मुख्य लायसेन्स दुसऱ्याच्या नावावर असेल तर विचारणा होते. दुसऱ्या कुणाला मालकापेक्षा जास्त पगार असेल तर तो का, याचा खुलासा द्यावा लागतो. शिवाय दाखला मिळाला तरी स्पर्धक तक्रार करू शकतो की, हा खरा मालक नव्हे, आणि मग सुनावणी होते.

भगिनींनो, हे नियम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला काय आठवले असेल, सांगा बरे? मला आपले सरपंचपती आठवले. १९९२च्या घटनादुरुस्तीने पंचायतींत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या, आणि आपल्या राज्याने २०११ साली त्या निम्म्या केल्या. तरी कितीतरी गावांत बाई सही करते आणि पंचायतीत खुर्चीवर तिचे यजमान बसतात. 'कोण चालवतो' हा प्रश्न इतक्या बारकाईने आपल्याकडे कोणी विचारला असता तर! मला ते नियम फार पसंत पडले. पण ते माझ्या शेजारणीच्या घरात शिरले तेव्हा मला दिसले की, त्या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे.

माझी ही शेजारीण अमेरिकन. तिचे यजमान सैन्यात होते. २००४ साली इराकमध्ये रस्त्यावरच्या सुरुंगाने त्यांची गाडी उडाली. ते वाचले, पण पाठीचा कणा दुखावला, आणि एका कानाने ऐकू येईनासे झाले. सरकारी डॉक्टरांनी त्यांचे अपंगत्व साठ टक्के ठरवले. घरी आल्यावर दोन नोकऱ्या धरल्या आणि सुटल्या. आवाजाने ते दचकत, रात्री झोप नसे. शेवटी दोघांनी मिळून सरकारी इमारतींची साफसफाई आणि किरकोळ डागडुजी करण्याचा धंदा काढला. झाडू-पोछ्याचा धंदा म्हणून आपण नाक मुरडू, पण त्यावर पंचवीस माणसांची घरे चालू लागली.

एकावन्न टक्के त्यांचे, एकोणपन्नास तिचे. माजी सैनिकांच्या खात्याचा जुना दाखला त्यांनी २०१४ साली काढला होता. त्यावर एका इस्पितळाचे काम मिळाले, मग दुसरे. ते गृहस्थ नावापुरते मालक मुळीच नव्हते. सकाळी साडेपाचला माणसांना गाडीत घालून निघत, फरशी कशी घासली आहे ते गुडघ्यावर बसून बघत, आणि पाठ दुखायला लागली की तिथेच आडवे होत. निविदा मात्र ती भरायची. पगार ती करायची. विम्याचे कागद, कामगारांची भांडणे, बँकेच्या मॅनेजरशी बोलणे, सारे तिच्याकडे. त्यांना टेलिफोनवर नीट ऐकू येत नसे, त्यामुळे फोनवरची कंपनी म्हणजे तीच. आणि पगार तिचा थोडा अधिक होता, कारण ते म्हणायचे, "मला पेन्शन आहे, मला कशाला?"

२०२४च्या आरंभी नव्या खात्याकडे अर्ज करायचा आला. ती कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. मी वरणाला फोडणी देत होते आणि ती एकेक प्रश्न वाचून दाखवत होती. कंपनीचे दीर्घ मुदतीचे निर्णय कोण घेतो? रोजचा कारभार कोण पाहतो? तिला अधिक पगार का? एकेका प्रश्नाबरोबर तिचा चेहरा उतरत गेला. मी म्हटले, "खोटे काही लिहू नकोस. आहे तेच लिही." ती म्हणाली, "खोटे कुठे लिहायचे आहे? निर्णय तोच घेतो. मी त्याला विचारल्याशिवाय एक झाडूसुद्धा विकत घेत नाही. पण हे सगळे भरून झाले की कागदावर मी कुठे आहे ते मला दाखव."

मी तरी काय दाखवणार? खरेच ती त्या कागदावर कुठे नव्हती. पगाराच्या खुलाशात तेवढी होती, आणि तीसुद्धा कंपनीवरची एक शंका म्हणून.

यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल, तिकडे बायकांच्या धंद्यांसाठी काही नाही का? आहे. १९९४च्या कायद्याने बायकांच्या छोट्या धंद्यांसाठीही पाच टक्क्यांचे उद्दिष्ट ठरवले. ठराविक प्रकारच्या धंद्यांत कामे राखून ठेवण्याची योजना २०११पासून चालू झाली, आणि २०२०पासून तिलाही दाखला लागतो. त्याचीही अट तीच. एकावन्न टक्के मालकी बाईची, आणि कारभारही बाईचा. आता मी हिशेबाची बाई म्हणून सांगते, एकावन्न आणि एकावन्न मिळून शंभर होत नाहीत. स्वतः सैन्यात राहून आलेली बाई दोन्ही दाखले मिळवू शकते, आणि अशा बायका तिकडे बऱ्याच आहेत. पण नवरा-बायकोने जोडीने उभा केलेला धंदा दोघांपैकी एकाच्याच नावाने दाखला घेऊ शकतो. मग घरात बसून ठरवायचे की, कोणाच्या नावाला बाजारात भाव अधिक. त्यांच्या घरी हे ठरवायला वेळ लागला नाही. जखम त्यांची होती.

मी नियमांना दोष देते असे समजू नका. 'भाड्याचे सैनिक' हुडकायचे तर असेच प्रश्न विचारावे लागतील. काही राज्यांत लग्नानंतरची मिळकत नवरा-बायकोची निम्मीनिम्मी धरतात, पण या दाखल्यासाठी तो कायदा बाजूला ठेवतात, नाहीतर विवाहित सैनिकाला एकावन्न टक्के दाखवताच आले नसते. इतका विचार केलेला आहे. आणखी एक गोष्ट मला फार चांगली वाटली. सैनिक कायमचा आणि अतिशय जबर अपंग असेल, स्वतः कारभार करू शकत नसेल, तर त्याची बायको किंवा त्याची कायमची शुश्रूषा करणारी व्यक्ती त्याच्या वतीने धंदा चालवू शकते, आणि दाखला जात नाही. म्हणजे अंथरुणाशी बसणाऱ्या बाईला कायद्याने पाहिले आहे. शेजारी बसून टेंडर भरणाऱ्या बाईला मात्र तो पाहत नाही, एवढेच माझे म्हणणे.

त्यांना दाखला मिळाला. संध्याकाळी तिने केक आणला आणि आम्ही तो अंगणात बसून खाल्ला. यजमानांनी मला विचारले की, तुझे वडील कोणत्या पलटणीत होते. मी सांगितले. त्यांना नाव उच्चारता येईना, पण त्यांनी उभे राहून सलाम केला. मला फार भरून आले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. हृदयविकाराने, झोपेत.

क्रियाकर्म आटोपून पंधरा दिवस झाले नाहीत तोच तिच्यापुढे प्रश्न आला. इस्पितळांची कामे चालू होती, पंचवीस माणसे कामावर होती. मालक गेला, आता दाखल्याचे काय? आम्ही दोघी पुन्हा स्वयंपाकघरात बसलो आणि नियम वाचले. विधवेसाठी नियम आहे. नवऱ्याचा वाटा तिच्याकडे आला, तर दाखल्यासाठी तिलाच तो माजी सैनिक असल्यासारखे धरतात. किती दिवस? सैनिकाचे अपंगत्व शंभर टक्के असेल, किंवा त्या दुखण्यानेच तो वारला असेल, तर दहा वर्षे. नसेल, तर तीन वर्षे. आणि दोन्ही बाबतींत तिने पुन्हा लग्न केले, की त्या दिवशी संपले.

साठ टक्के, आणि मृत्यू झोपेत. म्हणजे तीन वर्षे. २०२७च्या ऑक्टोबरपर्यंत.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्याला वीस वर्षे झोप लागत नव्हती. डॉक्टर म्हणतात, त्याचा हृदयाशी संबंध कागदावर नाही." मी काही बोलले नाही. त्या संबंधासाठी तिने निराळा अर्ज केला आहे, तो अजून चालू आहे. त्याविषयी मी इथे अधिक बोलत नाही.

मौज अशी की, मौज हा शब्द इथे वाईट आहे, पण दुसरा सुचत नाही, आता कंपनी शंभर टक्के तिची झाली. कारभार तर तिचाच होता. तेव्हा बायकांच्या धंद्याचा दाखला तिला आता मिळू शकत होता. मी म्हटले, "अर्ज कर. तीन वर्षे हातात आहेत, तोवर दुसरी कामे जोड." तिने अर्ज केला. तेच प्रश्न पुन्हा आले. निर्णय कोण घेतो? रोजचा कारभार कोण पाहतो? या खेपेला तिने पटापट भरले. एका जागी मात्र थांबली. धंद्याचा पूर्वीचा अनुभव लिहा, असे होते. ती म्हणाली, "काय लिहू? कागदावर मी आजवर मदतनीस आहे." मग आम्ही दोघींनी बसून तिची दहा वर्षांची कामे ओळीने लिहिली, ती पावणेदोन पाने झाली. दाखला २०२५च्या उन्हाळ्यात आला.

आता माझ्या आईच्या गिरणीचे सांगते.

१९७९ साली वडील वारले. मी दहा वर्षांची होते. गिरणीचे वीजजोड वडिलांच्या नावाने, परवाना वडिलांच्या नावाने. आई नावे बदलून घ्यायला एका कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी विचारले, "गिरणी कोण चालवणार?" आई म्हणाली, "मीच चालवते, सात वर्षे झाली." साहेबांनी तिच्याबरोबर आलेल्या माझ्या चुलत्यांकडे पाहिले आणि पुन्हा विचारले, "गिरणी कोण चालवणार?" आईने त्यांना सांगून पाहिले की, दगडाला टाकी मी लावते, पट्टा मी चढवते. त्यांना ते खरे वाटले नाही, किंवा त्यांच्या कागदात त्याला जागा नव्हती. पाच महिने गिरणी बंद राहिली. गावच्या बायका दळण घेऊन दोन मैलांवरच्या गावी जात. शेवटी परवाना चुलत्यांच्या नावाने झाला आणि गिरणी सुरू झाली. चालवली आईनेच, आणखी चौदा वर्षे. चुलते भला माणूस, त्यांनी आईला कधी एक शब्द बोलला नाही. पण त्यांच्या मागे त्यांच्या मुलांनी गिरणी विकली, आणि कायद्याने ते त्यांचेच होते. आईने दगडाची टाकी तेवढी मागून घेतली. ती आमच्या घरी अजून आहे.

आपल्याकडेही कारगिलच्या लढाईनंतर, १९९९ साली, वीरपत्नींना पेट्रोलपंप आणि गॅसच्या एजन्सी देण्यात आल्या. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या भगिनी असा धंदा स्वतः गल्ल्यावर बसून चालवतात त्यांना मी मनापासून नमस्कार करते. त्यांच्यापैकी कोणी आज इथे असल्या तर त्यांनी उठून दोन शब्द बोलावे. माझ्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे.

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे दोनदा पाहिले, तेव्हा आवरते घेते. एकच काम उरले आहे. मंडळाच्या मसाला आणि पापड विभागाची उद्यम नोंदणी आणि खाद्यपदार्थांचा परवाना मी काल कार्यवाहबाईंकडून मागून घेऊन पाहिला. नोंदणी एका सभासद भगिनीच्या यजमानांच्या नावाने आहे, कारण त्या दिवशी आधारकार्ड त्यांचेच हाताशी होते. ते दुरुस्त करता येते. मी शुक्रवारपर्यंत इथे आहे. गुरुवारी दुपारी मंडळाच्या कचेरीत बसेन. विभागात ज्या खरोखर काम करतात त्या सर्वांनी आपापले आधार आणि पॅनकार्ड घेऊन यावे, आणि कोण काय करते ते एका वहीत लिहून आणावे.